गाडी इथून पिते

थांबून थांबून चालणाऱ्या गाडीइतकी खोटारडी चीज दुसरी नाही. बंद पडलेली गाडी बिचारी सरळ असते. माझ्यात दम नाही, मला ओढून न्या, असं ती तोंडावर सांगते. ही दुसरी जात मात्र भर रस्त्यात मान टाकते, पंधरा-वीस मिनिटं मेल्याचं सोंग घेते आणि मग काही झालंच नाही अशी पहिल्या सेल्फला चालू होते. मेस्त्रीच्या दारात आणली की गुणी बाळ. दवाखान्याची पायरी चढल्यावर पोटदुखी थांबणारी माणसं असतात, तशातली गत. मी पलूसला वीसेक वर्षं गाड्यांच्या वायरिंगचं काम करतोय आणि अशा गाडीचा मला मनापासून राग आहे. पूर्वी तो नुसता धंद्यातला राग होता. आता तसा राहिलेला नाही. माझ्या धाकट्या भावाला आईचं तोंड जिवंतपणी बघायला मिळालं नाही ते अशाच एका गाडीपायी, आणि ती गाडी त्याआधी दोन महिने माझ्याच हाताखाली होती.

आम्ही मूळचे पूर्वेकडच्या कोरड्या भागातले धनगर. वडील उन्हाळ्यात मेंढरं घेऊन खाली कृष्णाकाठाला उतरायचे आणि कुंडलच्या बागायतदारांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायचे. एका वर्षी ते परत वर गेलेच नाहीत. तिथंच जागा घेतली, घर बांधलं. पुढं मेंढरंही संपली. मी वायरिंग शिकून पलूसला दुकान टाकलं आणि धाकट्यानं स्टेअरिंग धरलं. वडील गेल्यावर आई कुंडलला त्याच्याकडंच राहिली. पलूसचं माझं घर तिथून गाडीवर दहा-पंधरा मिनिटांवर, पण तिचा जीव धाकट्यात. मला त्याचं वाईट वाटायचं नाही असं म्हटलं तर खोटं होईल. पण तो होताच तसा. घरात आला की आधी आईपाशी बसायचा, मग पाणी मागायचा. मी आलो की आधी घरातली बटणं दाबून बघायचो.

त्यानं सेकंडहँड ट्रक घेतला तेव्हा त्याचं वय पंधराच्या पुढं होतं. ट्रकचं म्हणतोय मी. इकडून बेदाण्याचे बॉक्स भरून पुण्याकडं न्यायचे आणि येताना शिरवळच्या एका कारखान्यातून पुठ्ठ्याची खोकी भरून सांगलीला उतरवायची, अशी त्याची फेरी. तो निघाला की आई हातात भंडाऱ्याची पिशवी घेऊन दारात उभी. बॉनेटवर भंडारा, स्टेअरिंगवर भंडारा, मागच्या फाळक्यावर मूठभर उधळायचा आणि बिरोबाच्या नावानं चांगभलं म्हणायचं. मग ती हात झटकून आत जायची. तिच्या दृष्टीनं गाडीचा विमा तेवढ्यात उतरलेला असायचा.

शिरवळच्या साहेबाला मात्र ते मानवलं नाही. कोऱ्या खोक्यांवर पिवळी बोटं उठायला लागली. गाडी धुऊन आणत जा, नाहीतर आणू नको, असं त्यानं धाकट्याला सुनावलं. धाकट्यानं आईला जमेल तेवढ्या गोडीनं सांगितलं की आता गाडीवर भंडारा नको. आई दोन दिवस त्याच्याशी धड बोलली नाही.

त्याच आठवड्यात मी त्याच्या गाडीचा मागचा लाइट बघायला कुंडलला गेलो होतो. मी खाली वाकून काम करतोय तोवर आई बाहेर आली आणि माझ्यापाशी उभी राहिली. माझ्या कामात तिनं कधी डोकं घातलेलं मला आठवत नाही. तिनं विचारलं, हिला डिझेल कुठून घालतात. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. पन्नाशीला आलेला माणूस मी, पण आईनं आपल्या धंद्यातलं काही विचारलं म्हटल्यावर पोरासारखा उठलो. टाकीच्या झाकणाचं कुलूप कधीच मोडलेलं होतं, झाकण हातानं फिरायचं. ते मी फिरवून काढलं आणि म्हणालो, "ही बग, गाडी हितनं पिती."

आमच्या धंद्यात सगळे असंच बोलतात. गाडी किती पिते, कमी पिते, जास्त पिते. आईनं वाकून वास घेतला, तोंड वाकडं केलं आणि पदर नाकाला लावून हसली. "मेंढरावानीच हाय की," म्हणाली. मीही हसलो आणि झाकण लावून पुन्हा लाइटकडं वळलो.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी गाडी थांबायला लागली.

पहिल्यांदा साताऱ्याच्या अलीकडं, मग एकदा पुण्याच्या वाटेवर, मग येताना कराडजवळ. दरवेळी तेच. चालता चालता बंद, पंधरा-वीस मिनिटांनी चालू. गावात, पलूस-कुंडलच्या दरम्यान, कधी म्हणजे कधी नाही. मी ती दुकानापुढं दिवसभर चालू ठेवली, रिकामी घेऊन ताकारीपर्यंत जाऊन आलो, तर गाडी सरळ. मी धाकट्याला चिडवलंसुद्धा, की गाडीला तुझा कंटाळा आलाय.

आता इथं थोडं समजून सांगायला लागेल. या गाडीच्या डिझेल पंपावर अंगठ्याएवढी एक कॉइल असते, तिला आम्ही सोलेनाइड म्हणतो. चावी फिरवली की तिच्यात करंट जातो आणि डिझेलची वाट उघडते. करंट तुटला की वाट बंद आणि इंजिन जागेवर गप्प. म्हणजे चालती गाडी मेली तर कारणं दोनच धरायची. एक तर कॉइलला करंट नाही, नाहीतर मागून डिझेलच येत नाही. रस्त्यावर उभ्या माणसाला दोन्ही मरणं सारखीच दिसतात. जाणता मेस्त्री त्यासाठी एक प्रश्न विचारतो, झटक्यात बंद झाली की ओढ कमी होत होत. मीही विचारला. धाकटा म्हणाला, कधी झटक्यात, कधी धापा टाकत. मी त्यातलं झटक्यात तेवढं ऐकलं. सुताराचं मन बाभळीवर म्हणतात, माझं वायरीवर.

तरी डिझेलची बाजू अगदीच सोडली नाही. शेजारच्या पंपवाल्या मेस्त्रीनं फिल्टर बदलला, लाइनीतली हवा काढली. जुन्या फिल्टरमधून जरा पिवळं पाणी निघालं, पण डिझेल पिवळंच असतं, त्याकडं कोण बघतो. टाकी खोलू का, असं तो म्हणाला होता. मीच म्हणालो, कशाला खोलतोस, यात डिझेलचं काही नाही.

मग मी एक युक्ती केली. सोलेनाइडपासून लांब वायर काढून केबिनमध्ये आणली आणि स्टेअरिंगसमोर छोटा बल्ब बसवला. धाकट्याला सांगितलं, गाडी बंद पडली की फक्त या बल्बकडं बघ. पेटलेला असला तर करंट आहे, मग दोष डिझेलचा. विझलेला असला तर वायरीचा. युक्ती चांगली होती, आजही मी ती वापरतो. चार दिवसांनी त्याचा फोन आला की गाडी बंद पडली आणि बल्ब विझलेला होता. पुढच्या फेरीतही विझलेलाच. मला मनातून आनंद झाला. मी म्हणत होतो तेच निघालं. मग मी चावीचा स्विच बदलला, फ्यूजची पेटी बदलली, अर्थिंग घासून नवी केली, डॅशबोर्डमागचा वायरींचा सगळा गुंडाळा सोडून टेप मारून पुन्हा बांधला. गाडी लांब गेली की थांबतच राहिली आणि मी वायरी उकरतच राहिलो.

याच काळात आईचं दुखणं वाढलं. हृदय थकलेलं, पाय सुजलेले. सांगलीच्या डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. आता औषधापेक्षा जपणं, काही आठवडे म्हणा किंवा काही दिवस, असं ते मला बाजूला घेऊन बोलले. आईला ते न सांगता कळलं होतं. तिनं आम्हा सगळ्यांना बसवून एकच गोष्ट मागितली. मी जाताना धाकटा उशाला पाहिजे. मग तिनं माझ्याकडं बघितलं आणि तूबी, असं पुढं जोडलं. मला हसू आलं आणि भरूनही आलं.

धाकट्यानं लांबच्या फेऱ्या बंद केल्या. पण शिरवळची एक फेरी आधीच बोललेली होती. आईला दोन दिवस जरा बरं होतं आणि तिनंच त्याला धाडलं. जा, दोन दिवसांत काही होत नाही, तू येशील वेळेवर, असं ती म्हणाली. तो सकाळी निघाला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा श्वास जड झाला.

गावातल्या डॉक्टरनं येऊन बघितलं आणि कुणाला बोलवायचं ते बोलवा म्हणाला. मी फोन केला तेव्हा अकरा वाजत आले होते, धाकट्याची गाडी शिरवळला भरून झाली होती आणि तो ताडपत्री आवळत होता. निघालो, एवढंच म्हणाला. भरल्या गाडीला तिथून कुंडल चार तासांचं. तीनपर्यंत तो पोचायला हवा होता. मी आईच्या कानाशी सांगितलं, धाकटा निघाला. तिनं मान हलवली.

खंबाटकीच्या चढाला गाडी थांबली. त्याचा फोन आला. मी सांगितलं, बॉनेट उघड, सोलेनाइडची वायर धरून हलव. तो हलवत राहिला. वीस मिनिटांनी सेल्फ मारला तर चालू. मी बायकोला म्हणालो, बघितलंस, वायरच. आई पलीकडं शेवटचे श्वास मोजतेय आणि मी माझं खरं ठरलं म्हणून बायकोकडं बघतोय. त्या क्षणाची मला अजून लाज वाटते.

दोन वाजायच्या सुमाराला उंब्रजजवळ ती पुन्हा थांबली. या वेळी धाकट्याचा आवाज फुटलेला होता. म्हणाला, "दादा, गाडी हितंच लावतो. एसटी धरतो, न्हाईतर कुणाच्याबी गाडीनं येतो."

बायको मला खुणेनं हो म्हण, हो म्हण, असं सांगत होती. बंद पडलेली गाडी माणूस सोडून जातो. थांबून थांबून चालणारी गाडी त्याला सोडवत नाही, आणि मला तर ती माझ्याच हातची वाटत होती. मी म्हणालो, "नगं. वायर घट्ट बांध आन ये घिऊन. आता थांबायची न्हाई."

त्यानं ऐकलं. तो माझं नेहमीच ऐकायचा.

कराड सोडून शेणोलीच्या पुढं ती तिसऱ्यांदा थांबली. तेव्हा साडेतीनला थोडा वेळ होता. आता मीही घाबरलो आणि शेजाऱ्याला मोटारसायकल घेऊन त्याला आणायला पळवलं. आत आलो तर आईचे डोळे उघडे होते. कुठवर आला, असं तिनं ओठांनी विचारलं. मी सांगितलं, कराड मागं टाकलं, आलाच. आईला माझं खोटं बोलणं लहानपणापासून कळायचं. तिनं माझा हात चाचपला आणि उलट मलाच धीर दिला.

"भिऊ नगंस रं. येतूय त्यो. म्या घातलंय तिच्या पाण्यात."

मला वाटलं, ती भ्रमात गेली. मेंढरं घेऊन लांबच्या वाटेला निघायच्या दिवशी ती त्यांच्या पाण्याच्या डोणीत चिमूटभर भंडारा टाकायची. मेंढरं ते पाणी प्यायली की वाटेत एकही हरवत नाही, सगळी परत येतात, असं तिचं म्हणणं. मी समजलो, ती त्या वाटेवर आहे, मेंढरांमागं चालली आहे. मी बरं म्हणालो आणि तिच्या ओठांना पाणी लावलं. चारच्या ठोक्याला ती गेली. धाकटा मोटारसायकलवरून उतरला तेव्हा सव्वाचार झाले होते. तो आत आला, उशाशी बसला आणि त्यानं तिच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ अजून गरम होतं. ते त्यालाही कळलं असणार.

दुसऱ्या दिवशी कुणीतरी जाऊन गाडी आणली. एका सेल्फला चालू झाली म्हणे.

तेराव्याला पाव्हणे जमले होते. जेवणं झाल्यावर धाकटा मामांना त्या दिवसाची हकीकत सांगत होता आणि मी भिंतीला टेकून ऐकत होतो. तो म्हणाला, गाडी बंद पडली की आधी चावी बंद करायची, मग खाली उतरायचं, हे ड्रायव्हरच्या हातातच बसलेलं असतं. मी विचारलं, दरवेळी चावी बंद करायचास का. हो, बॅटरी उतरते ना, असं म्हणून तो पुढं बोलत राहिला. चावी बंद केल्यावर बल्ब विझणारच. तो आधी चावी फिरवत होता आणि मग बल्बकडं बघत होता. मी दोन महिन्यांत त्याला एकदाही विचारलं नव्हतं की बल्ब बघताना चावी चालू होती का.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी दुकानात आणली, पंपवाल्याला न बोलावता एकट्यानं टाकी रिकामी केली आणि वरची प्लेट खोलून आत हात घातला. तळाला बोटभर चिखल लागला. पहिल्यांदा वाटलं, गंज. हात बाहेर काढला तर तळव्याच्या रेषा पिवळ्याधमक. डिझेलचा वास काही बारीक नसतो, पण त्याच्याही खालून हळदीचा वास आला. पंपाकडं जाणाऱ्या नळीच्या तोंडाची जाळी काढून बघितली. तिच्यावर भंडाऱ्याचा थर लोकरीच्या घोंगड्यासारखा घट्ट बसला होता.

मी टाकीशेजारी जमिनीवरच बसलो. सगळं एकदम कळलं. गाडी लांब पळाली की तळाचा भंडारा ओढला जाऊन जाळीवर बसायचा आणि डिझेल तुटायचं. इंजिन थांबलं की ओढ संपायची, तो हळूहळू सुटून खाली पडायचा आणि गाडी पुन्हा चालू व्हायची. धाकटा वायर हलवत असायचा तेव्हा आत हे चाललेलं असायचं. गाडीवर टाकू नको म्हटल्यावर आईनं गाडीच्या आत टाकायला सुरुवात केली होती. मेंढरं पितात तिथं मेंढरांसाठी, गाडी पिते तिथं गाडीसाठी. आणि ती कुठून पिते हे मी झाकण उघडून दाखवलं होतं.

भावजयीला फोन केला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, आई गाडीपाशी जायची का. ती म्हणाली, लांबच्या फेरीला तेवढ्या जायच्या. त्या शेवटच्या दिवशीही उजाडताच आत्याबाई भिंत धरून धरून गाडीपर्यंत गेल्या होत्या. मी हात द्यायला गेले तर नको म्हणाल्या, मला वाटलं चाकाच्या पाया पडतायत. इतकं सांगून ती रडायला लागली. मी फोन ठेवला. त्या दिवशी चिमूट नसणार, मूठ असणार. कारण त्या फेरीहून त्यानं परत यायलाच हवं होतं.

भंडारा गटारात ओतता येत नाही. तो पायदळी येता कामा नये. दुकानामागं कडुनिंबाच्या बुडात खड्डा घेतला आणि सगळा गाळ त्यात पुरला. टाकी तीनदा डिझेलनं धुतली. हात साबणानं, मग रॉकेलनं धुतले, तरी नखांत पिवळं राहिलंच.

मग विचार करत बसलो. खरं सांगितलं असतं तर मी निम्मा सुटलो असतो. वायर नव्हती, आईनं टाकलेल्या भंडाऱ्यानं गाडी थांबत होती, यात मेस्त्रीचा दोष तो किती. पण मग धाकट्याला जन्मभर हे घेऊन जगावं लागलं असतं की आईनं तो लवकर परत यावा म्हणून हातानं जे घातलं, त्यानंच त्याला वाटेत अडवलं. वर चावी त्यानं स्वतः बंद केली म्हणून दोष सापडला नाही. हे मला त्याच्या डोक्यावर ठेवायचं नव्हतं. मी थोरला आहे.

मी सोलेनाइडची एक चांगली वायर काढली. पकडीत धरून ती इतक्यांदा वाकवली की आतली तार तुटली आणि वरचं प्लास्टिक शाबूत राहिलं. संध्याकाळ व्हायच्या आत धाकटा गाडी न्यायला आला.

"काय निघालं?" त्यानं विचारलं.

मी वायर त्याच्या हातात दिली. सांगितलं, आतून तुटलेली होती, वरून कळत नव्हतं, गाडी हलली की करंट जायचा. त्यानं वायर बोटांनी चाचपली, उजेडाकडं धरून वाकवून बघितली. त्याला आत तुटलेली जागा लागली. तो बराच वेळ तिथंच अंगठा दाबत राहिला. मग माझ्याकडं न बघता बोलला.

"दोन म्हैनं ही तुझ्या हाताखालनं गेली, दादा. आन उंब्रजला मी गाडी सोडतो म्हणालो व्हतो."

दुसरं वाक्य तर खरंच होतं. ते खरं असायला वायरीची वा भंडाऱ्याची कसली गरज नव्हती, ती चूक सरळ माझी होती. त्यानं वायर खिशात घातली आणि गाडी चालू करून गेला.

त्यानंतर त्याची गाडी माझ्या दुकानात आली नाही. कामाला तो आता कराडला जातो. गाडी वर्षभर एकदाही कुठं थांबली नाही असं लोक सांगतात, आणि थोरल्याच्या हातातून सुटली तेव्हा बरी झाली, असंही कुणीतरी त्याच्याच तोंडचं म्हणून सांगितलं. वीस वर्षांत कमावलेलं नाव भावाच्या तोंडून गेलं. धंद्याचं मला वाईट वाटलं नाही. पण सणाला तो माझ्याकडं येईना. रस्त्यात भेटला तर हॉर्न वाजवतो, गाडी थांबवत नाही. खरं काय ते मी फक्त बायकोला सांगितलंय, ती म्हणते, त्यालाही सांगून टाका. मी दोनदा कुंडलपर्यंत गेलो आणि वेशीवरून परत फिरलो.

वर्षश्राद्धाला मात्र जावंच लागलं. धाकट्यानं मला बाकीच्या पाव्हण्यांसारखंच वाढलं, काही कमी केलं नाही, आग्रहही केला नाही. हळूहळू लोक उठले. मी चपला घालत होतो तेव्हा तो बाहेर आला आणि खांबाला धरून उभा राहिला. आईच्या खोलीत त्या दिवशी शेवटपर्यंत मीच होतो. त्याला वर्षभर काय विचारायचं होतं ते मला त्याचं तोंड बघूनच कळलं.

"दादा, एक खरं सांग. ती गेली तवा तिला काय वाटलं आसंल? धाकटा आलाच न्हाई, आसंच मनात धरून गेली आसंल न्हवं?"

"न्हाई रं," मी म्हणालो. "तिला पक्कं ठाऊक व्हतं तू येतूयस म्हून. मी भ्यालो व्हतो, तर तिनंच मला धीर दिला. येतूय त्यो, म्हणाली."

त्याचे डोळे क्षणभर माझ्यावर थांबले. तो लहान असताना मी त्याला काही आणलं की असाच बघायचा.

"गाडी तीनदा थांबलेली. मग तिला कशावरनं ठाऊक?"

याचं उत्तर माझ्याकडं होतं. ते ओठांपर्यंत आलं आणि मी गिळलं. आई व्हती रं ती, एवढंच मी म्हणालो.

त्यानं मान हलवली. खांबावरचा हात काढला.

"मला बरं वाटावं म्हून बोलतूयस," म्हणाला आणि आत गेला.

त्या वर्षात मी त्याला सांगितलेली तेवढी एकच गोष्ट खरी होती.